रिपोर्टवरची शाई आणि हरवलेला ठिपका

मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याहून किंवा शहापूरच्या डोळखांब भागातून एखाद्या रुग्णाला ठाण्याला पाठवले, की त्याच्यासोबत एक नातेवाईक असतो, एक पिशवी असते आणि पिशवीत कागद असतात. रक्ताचा रिपोर्ट, ईसीजीची पट्टी, सोनोग्राफीचा फोटो, पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी. कुणी १०८ रुग्णवाहिकेने जातो, कुणी एसटीने कल्याण गाठतो, कुणी आसनगावहून लोकल पकडतो. बाहेर पाऊस असतो. ठाण्याच्या डॉक्टरांनी त्या रुग्णाला पूर्वी कधी पाहिलेले नसते. पहिल्या काही मिनिटांत त्यांना जे कळते, त्यातले बरेचसे या कागदांवरूनच.

कागदावरचे अक्षर पुसट असेल तर निदान शंका तरी येते आणि तपासणी पुन्हा केली जाते. खरा धोका वेगळा आहे. कागद स्वच्छ दिसतो, आकडे ठळक दिसतात, पण त्यातला एखादा ठिपका उमटलेलाच नसतो. नवजात बाळाचे बिलिरुबिन १.५ आहे की १५, प्रौढाचे क्रिएटिनिन १.१ आहे की ११, थायरॉइडचा टीएसएच ४.५ आहे की ४५, हे एका ठिपक्यावर ठरते. यातले दोन्ही आकडे प्रत्यक्षात येऊ शकतात, म्हणून वाचणाऱ्याला चूक लगेच खटकत नाही. रक्तगटापुढची उणे चिन्हाची रेघ अशीच अर्धवट उमटली, तर आरएच निगेटिव्ह गरोदर बाईच्या बाबतीत गोंधळ होऊ शकतो. तिचे बाळ आरएच पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डी इंजेक्शन मिळायला हवे.

हाताने लिहिलेले अक्षर लोक दोनदा वाचतात. छापलेल्यावर मात्र एकदाच नजर टाकतात. म्हणून छापणारे यंत्र कुठे चुकते, हे दवाखाना, लॅब आणि रुग्ण या तिघांनाही ठाऊक असायला हवे.

सुईच्या टोकावरचा थेंब

इंकजेट प्रिंटरच्या जन्मकथेत एक इंजेक्शनची सिरिंज आहे. १९७७ साली जपानमधल्या कॅनन कंपनीत इचिरो एन्डो हे संशोधक काम करत होते. शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेली सोल्डरिंगची इस्त्री लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने आत बुडबुडा झाला होता आणि त्याने शाई बाहेर ढकलली होती. यातून जे तंत्र निघाले, ते आजही अनेक प्रिंटरमध्ये वापरले जाते. दुसऱ्या प्रकारच्या प्रिंटरमध्ये उष्णता नसते. वीज दिली की एक बारीक स्फटिक वाकतो आणि शाई ढकलतो.

दोन्हींत शाई बाहेर पडते ती केसाहून बारीक छिद्रांतून. सलाईनच्या नेहमीच्या सेटमधले साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. प्रिंटरचा थेंब अवघ्या काही पिकोलिटरचा असतो आणि एक पिकोलिटर म्हणजे मिलिलिटरचा अब्जावा भाग. इतक्या बारीक छिद्रात शाई सुकायला वेळ लागत नाही. शेजारशेजारची काही छिद्रे बुजली, की छापताना त्या जागी आडवी पांढरी रेघ राहते. ती रेघ मोठ्या अक्षरातून गेली तर अक्षर कळते. दशांश चिन्हावरून किंवा उणे चिन्हावरून गेली, तर तिथे काही होते हेच कळत नाही.

यावरचे उपाय साधे आहेत. रोज सकाळी पहिला रिपोर्ट काढण्याआधी प्रिंटरचा ‘नोझल चेक’ नमुना छापावा. त्यातल्या रेघा तुटलेल्या दिसल्या तर ‘हेड क्लीनिंग’ करावे. मात्र ते लागोपाठ दोन-तीन वेळांपेक्षा जास्त करू नये. दर वेळी शाई आतल्या शोषक गादीत जाते. ती गादी भरली की प्रिंटर बंद पडतो. तेवढ्याने रेघा जुळल्या नाहीत, तर काही तास थांबून पुन्हा पाहावे. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, कारण तेव्हाच हेड जागेवर जाऊन त्यावर झाकण बसते. भिंतीवरचे बटण थेट बंद केले किंवा वीज अचानक गेली, तर हेड उघडे राहून सुकते. वीज आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बटणाने नीट बंद करावा. आठवड्यातून एकदा एक रंगीत पान छापले, तर सगळ्याच रंगांची छिद्रे मोकळी राहतात.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. शहापूर-मुरबाडच्या दमट हवेत उघडा कागद ओल धरतो. अशा कागदावर शाई पसरते, अक्षराच्या कडा फुटतात आणि पान आत अडकते. कागदाचा गठ्ठा बंद पिशवीत ठेवून लागेल तेवढीच पाने बाहेर काढावीत.

शाई आहे, पण प्रिंटर छापत नाही

शाई विकत घेण्याची पद्धतही आता बदलते आहे. २०१३ साली एचपी कंपनीने अमेरिकेत शाईची वर्गणी सुरू केली. ग्राहक महिन्याला ठरावीक पानांचे पैसे भरतो. प्रिंटर इंटरनेटवरून शाईची पातळी कळवतो आणि शाई संपत आली की नवे कार्ट्रिज घरपोच येते. इतर ठिकाणीही ही कल्पना वेगवेगळ्या रूपांत आली आहे. भाड्याने प्रिंटर घेऊन पानामागे पैसे देणे हा त्याचाच जवळचा प्रकार. छोट्या दवाखान्याला किंवा लॅबला हे सोयीचे वाटते, कारण एकदम मोठा खर्च येत नाही. पण या व्यवस्थेतल्या अडचणी शाईच्या नसून व्यवहाराच्या असतात आणि त्या नेमक्या गर्दीच्या वेळी समोर येतात.

पहिली अडचण संपर्काची. वर्गणीचे कार्ट्रिज चालू राहण्यासाठी प्रिंटरला अधूनमधून कंपनीशी संपर्क साधावा लागतो. बरेच दिवस इंटरनेट नसेल, तर शाई शिल्लक असूनही छपाई थांबू शकते. वादळी पावसात केबल तुटली किंवा वीज गेली की हे घडते. अशा वेळी कार्ट्रिज काढून-घालून पाहण्यात वेळ घालवू नये. आधी राउटर चालू करावा, दोन मिनिटांनी प्रिंटर चालू करावा आणि वाय-फायचा दिवा स्थिर होतो का ते पाहावे. केबल बंद असेल तर मोबाइलचे हॉटस्पॉट जोडून बघावे. अनेक प्रिंटरना फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय चालते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये तेच निवडावे.

दुसरी अडचण पैशांची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील, तर ग्राहकाने आधी ओटीपी देऊन तशी परवानगी नोंदवावी लागते आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. परवानगी नोंदलेली नसेल, कार्डाची मुदत संपली असेल किंवा बँकेकडे जुना मोबाइल नंबर असेल, तर पैसे जात नाहीत आणि वर्गणी थांबते. प्रिंटरवर तेवढाच कार्ट्रिजचा दोष दिसतो. म्हणून छपाई अचानक थांबली तर बँकेचा एसएमएस पाहणे हीसुद्धा तपासणीच आहे. दवाखान्याची वर्गणी नोकरी सोडून जाऊ शकणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नंबरवर घेऊ नये.

तिसरी अडचण वेळेची. शाई संपत आल्याची खूण मिळाल्यावर कार्ट्रिज निघते आणि मग कुरिअरने येते. तालुक्याच्या गावी ते पोचते, आतल्या गावांत उशीर होतो. पत्ता बाजारपेठेतल्या खात्रीच्या दुकानाचा द्यावा. त्याच प्रिंटरला चालणारे, वर्गणीबाहेरचे एक साधे काळे कार्ट्रिज कपाटात ठेवावे.

चौथी अडचण हिशेबाची. अशा योजनेत पाने मोजली जातात, शाई नाही. दुसऱ्या पानावर एकच ओळ गेली तरी ते पूर्ण पान धरले जाते. त्यामुळे पाने वाचवायला अक्षर बारीक करण्याचा मोह होतो. रिपोर्टच्या बाबतीत तो टाळावा. समास कमी करावेत, जाहिरातीचा मजकूर काढावा, पण आकड्यांचा आकार कमी करू नये.

पाचवी अडचण योजना बंद करताना येते. वर्गणीचे कार्ट्रिज विकत घेतलेले नसते. योजना संपली की अर्धे भरलेले कार्ट्रिजही चालत नाही आणि दुसऱ्या प्रिंटरमध्ये ते घालून उपयोग नसतो. आधी साधे कार्ट्रिज आणावे, मग योजना बंद करावी.

यातले काहीच जुळले नाही तर? रिपोर्ट हाताने लिहावा, सही-शिक्का करावा आणि रुग्णाला पुढे पाठवावे. प्रिंटर दुरुस्त होईपर्यंत रुग्णाला बाकावर बसवून ठेवणे योग्य नाही.

ठिपका राखणारी लिहिण्याची पद्धत

यंत्र कधीतरी चुकणारच, म्हणून लिहिण्याची पद्धतच अशी हवी की ठिपका गेला तरी अर्थ जाऊ नये. औषधाचे प्रमाण एकाहून कमी असेल तर आधी शून्य लिहावे: ‘०.५ मिलिग्रॅम’, नुसते ‘.५’ नाही. पूर्ण आकड्यानंतर विनाकारण शून्य देऊ नये: ‘५’ लिहावे, ‘५.०’ नाही, कारण ठिपका गेला की त्याचे ५० होतात. रक्तगट चिन्हाने न लिहिता ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असा शब्दात छापावा. प्रत्येक तपासणीसमोर सामान्य मर्यादा द्यावी. लॅबमध्ये सही करणाऱ्याने पडद्यावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. रक्त चढवण्याआधी रुग्णालयात रक्तगट पुन्हा तपासला जातोच. पण गोळीचा डोस बहुतेक वेळा कागदावरूनच दिला जातो.

सगळे कागद सारखे नसतात

घरी आलेला कागद कोणत्या शाईचा आहे, त्यावर तो कसा जपायचा हे ठरते. इंकजेटची रंगद्रव्य विरघळलेली शाई पाण्याने फुटते. पिगमेंट प्रकारची शाई त्यामानाने टिकते. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. प्लास्टिकची बारीक भुकटी उष्णतेने कागदावर वितळवलेली असते. ती पाण्याने जात नाही, पण मऊ पीव्हीसीच्या पाकिटात बरेच दिवस राहिली तर पाकिटाला चिकटून निघते.

सर्वांत नाजूक म्हणजे ईसीजीची पट्टी आणि सोनोग्राफीचा गुळगुळीत फोटो. त्या कागदावर शाई नसते. कागदावरच्या रसायनाला उष्णता लागली की ते काळे होते. हेच रसायन ऊन, दमट हवा, तेलकट हात, स्पिरिट, चिकटपट्टी आणि पीव्हीसीचे पाकीट यांनी पुसट होत जाते. ईसीजीत एक लहान चौकोन एक मिलिमीटरचा असतो. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करताना एका-दोन चौकोनांची उंचीही पाहावी लागते. वर्षभराने छातीत पुन्हा दुखले, तर डॉक्टरांना जुनी पट्टी शेजारी ठेवून बदल नवा आहे की जुनाच, हे ठरवायचे असते. तेव्हा हातात कोरा कागद असेल तर तो आधार जातो.

म्हणून अशा पट्टीची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी, मूळ आकारातच. ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडला की चौकोन लहान होतात आणि पट्टी लावून मोजणारा चुकू शकतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. त्या उष्णतेने संपूर्ण पट्टी काळी पडते. आदिवासी पाड्यांवर होणाऱ्या सिकलसेल तपासणीचा अहवाल तर आयुष्यभर लागणारा आहे. मुलाच्या पाचव्या वर्षी मिळालेला कागद त्याच्या लग्नाच्या वेळीही वाचता यायला हवा.

शाई भरताना

बाजारात कार्ट्रिज सिरिंजने पुन्हा भरून मिळते. त्यासाठी दवाखान्यातली वापरलेली सिरिंज कधीही घेऊ नये. सुई टोचली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. शाई डोळ्यात गेली तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवून डॉक्टरांना दाखवावे. लेझरची भुकटी सांडली तर झाडू मारू नये, फुंकरही घालू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि हात गार पाण्याने धुवावेत. रिकामे कार्ट्रिज ई-कचऱ्यात मोडते. ते रुग्णालयाच्या पिवळ्या किंवा लाल पिशवीत टाकू नये, जाळूही नये. विक्रेत्याकडे परत द्यावे.

रुग्णाने किंवा नातेवाइकाने रिपोर्ट हातात घेतल्यावर खिडकीपासून लगेच निघू नये. नाव, वय आणि तारीख वाचावी. आकड्यांत दशांश चिन्ह दिसते का ते पाहावे. पानावर आडवी पांढरी रेघ असेल, तर दुसरी प्रत मागावी. ती मागण्यात संकोच कशाला? मग मोबाइलवर उजेडात एक स्पष्ट फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवावा. घाटातल्या पावसात पिशवी भिजली तरी त्या मोबाइलमधला आकडा ठाण्यात वाचता येईल.