क्षमा म्हणजे विसरणे नव्हे

ख्रिस्ती धर्माविषयी बोलणे निघाले की एक प्रश्न हटकून पुढे येतो. "तुमचा धर्म सर्वांना क्षमा करावयास सांगतो. मग चोराने चोरी करावी, धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करावे आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्त हिंडावे, असेच ना?" ज्याच्यावर अन्याय झाला आहे, तो हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. "मी क्षमा केली, तर झालेला अन्याय हा अन्यायच नव्हता, असे मान्य केल्यासारखे होणार नाही काय?"

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर प्रभू येशूने शिकविलेल्या प्रार्थनेतील एका शब्दात आहे. लूकच्या शुभवर्तमानात आपण देवाजवळ पापांची क्षमा मागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच ठिकाणी 'ऋण' हा शब्द येतो. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात ऋण आणि पाप या दोहोंना एकच शब्द होता.

आता किराणा दुकानातील उधारीची वही डोळ्यांपुढे आणा. दुकानदार एखाद्याचे देणे माफ करतो, तेव्हा तो काय करतो? देणे कधी नव्हतेच, असे तो म्हणत नाही. रक्कम वहीत लिहिलेली असते, ती त्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच तिच्यावर रेघ मारण्याला काही अर्थ असतो. जे देणेच नाही, ते माफ कसे करणार? क्षमेचेही तसेच आहे. अपराधाला अपराध म्हटल्यावाचून क्षमा संभवत नाही. क्षमा करणारा सोडतो तो सूड घेण्याचा आपला हक्क. सत्य सोडत नाही.

दुसऱ्या गालाची शिकवण देणाऱ्या येशूला चौकशीच्या वेळी एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा तो गप्प बसला नाही. माझे काही चुकले असेल तर दाखवून दे, नाही तर मला का मारतोस, असे त्याने शांतपणे विचारले, हे योहानाच्या शुभवर्तमानात नमूद आहे. तेव्हा न्यायालयात खरी साक्ष देणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही.

चोराविषयी म्हणाल, तर पापनिवेदन ही पळवाट नव्हे. पश्चात्ताप आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चय यांवाचून ते व्यर्थ होय. शिवाय चोरलेले परत करावे, बदनामी केली असल्यास ती शक्य तितकी भरून काढावी, असे कॅथॉलिक धर्मशिक्षण सांगते. जक्कय नावाच्या जकातदाराने ज्यांना लुबाडले होते, त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले, ते याच वृत्तीने.

हे सारे पुस्तकातच शोभते, असे कोणी म्हणेल. परंतु उदाहरण आपल्याच मध्य प्रदेशातले आहे. आमच्या बुऱ्हाणपुराहून इंदूरकडे जाताना नर्मदा ओलांडावी लागते. नर्मदेपलीकडे देवास जिल्ह्यात उदयनगर आहे. तेथे सिस्टर राणी मारिया ही केरळातून आलेली संन्यासिनी आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडविण्याचे काम करीत असे. त्यामुळे दुखावलेल्यांच्या चिथावणीने समंदर सिंह नावाच्या तरुणाने २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये तिची हत्या केली. त्याला जन्मठेप झाली. शिक्षा झाली, ती योग्यच झाली. परंतु २००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनीच विनंती केली. २००६ साली तो सुटला, केरळात तिच्या घरी गेला, आणि त्या घराने त्याला आपले मानले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारियाला 'धन्य' घोषित करण्यात आले.

श्रोतेहो, दुसऱ्यांची कर्जे फिटावीत म्हणून जिने प्राण दिला, तिच्या माणसांनी स्वतःचे सर्वांत मोठे येणे सोडून दिले. गुन्हा घडलाच नाही, असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही.

शेवटचा प्रश्न असा, की मनातला सल जात नसेल तर काय करावे? सल राहणे हे पाप नव्हे. झालेली जखम जाणवू नये किंवा ती विसरून जावी, हे माणसाच्या हाती नाही, हे चर्चही मान्य करते. क्षमा हा आधी निश्चय आहे. भावना तिच्यामागून सावकाश येते. येशूच्या दाखल्यातील चाकराला राजाने १०,००० तलांत माफ केले होते. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दिवसांची मजुरी, म्हणजे एकूण सहा कोटी दिवसांची. त्याच चाकराने आपल्या सोबत्याचा १०० दिवसांच्या मजुरीसाठी गळा धरला. आपलीही वही उघडून पाहावी. येण्याच्या पानाआधी देण्याचे पान वाचले, तर हात थोडा सैल पडतो. आणि तेवढेही जमले नाही, तर ज्याने दुखविले त्याचे नाव आज रात्रीच्या प्रार्थनेत एकदा घ्यावे. सुरुवातीला तेवढे पुरे आहे.