घोडा का अडला?

भाकरी का करपली, विड्याचे पान का सडले, घोडा का अडला? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरविल्याने. हे कोडे ज्या घरात आजीने नातवंडांस घातले नाही, असे मराठी घर विरळाच. आमच्या दिव्याच्या घरीही ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. भाकरी आम्ही रोज पाहतो, पानही पाहतो. घोडा मात्र वरातीपुरता दिसतो आणि एरवी कोड्यातच राहतो. तो खरोखर का अडतो, हे आम्हांस गेल्या मे महिन्यात माथेरानच्या वाटेवर कळले, आणि ते कळताना थोडी लाजही वाटली.

माथेरान आम्हां दिवेकरांस तसे जवळच. कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळ गाठावे, तेथून मोटारीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर उतरावे. त्यापुढे पाहुण्यांच्या मोटारींस मज्जाव. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर मॅलेट यांनी 1850 साली हे पठार इंग्रजांच्या नजरेस आणले. 1907 मध्ये छोटी आगगाडी आली. 2003 साली केंद्र सरकारने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. या साऱ्या काळात येथे माणूस आणि त्याचे ओझे वाहण्याचे काम घोड्याने केले आहे.

आमची सात वर्षांची पुतणी घोड्यावर बसली. घोडेवाले लगाम धरून पुढे, आम्ही मागून पायी. वळवाची एक सर पडून गेली होती. एका उताराशी घोडा थांबला तो हालेचना. मागची मंडळी खोळंबली. आमचे थोरले काका स्वभावाने उतावीळ, ते म्हणाले, "अहो, एक छडी द्या, चालेल आपोआप!" घोडेवाले वयस्क होते. ते शांतपणे म्हणाले, "आजोबा, हा आळशी न्हाय. आधी पोरीला खाली घ्या." पोरीस उतरविल्यावर त्यांनी घोड्याचा पुढचा डावा पाय उचलून गुडघ्यावर घेतला. नाल आणि तळवा यांच्या सांदीत सुपारीएवढा खडा रुतला होता. वाकड्या सळईने तो काढला, पाय खाली ठेवला, आणि घोडा न सांगता चालू लागला. त्या ओल्या उतारावर, दुखऱ्या पायाने, छडीच्या भीतीने तो उधळला असता तर आमच्या पोरीचे काय झाले असते, हा विचार मनात येऊन काका घरी येईपर्यंत गप्प होते.

घोड्याचे सारे वजन चार खुरांवर तोललेले असते. खूर म्हणजे आपल्या नखासारखेच वाढणारे कठीण कवच; ते महिन्यास सुमारे पाऊण ते एक सेंटिमीटर वाढते. म्हणून नाल झिजला नसला तरी दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाने तो काढून, खूर कापून, पुन्हा ठोकावा लागतो. तळव्याच्या मध्ये त्रिकोणी मऊ गादी असते. सतत ओल व घाण राहिल्यास ती कुजून तिला दुर्गंधी येते. कोकणच्या पावसाळ्यात तर हे नित्याचे भय. गुळगुळीत फरशीवर लोखंडी नाल घसरतो. माथेरानच्या रस्त्यांवर फरसबंदीचे ठोकळे घालावेत की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शहरात बसून तो क्षुल्लक वाटेल. पण ज्याने घोड्याचा पाय हातात घेतला आहे, त्यास तो तसा वाटणार नाही.

पायानंतर पोट. घोड्याचा देह एवढा मोठा, पण जठर अवघे आठ ते पंधरा लिटरांचे; शिवाय त्यास ओकारी होत नाही. जे पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. अडले की पोटशूळ उठतो आणि वेळीच इलाज न झाल्यास जनावर दगावते. यासाठी वैरण थोडी थोडी, दिवसभर, चंदी बेताची, आणि पाणी रोज पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक.

हे ज्ञान आपल्याकडे नवे नव्हे. घोड्यांच्या वैद्यास आपण सलोत्री म्हणत आलो. तो शब्द शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून आला. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळुणाजवळच्या हलवर्ण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांस गेलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा-वैरण मनास येईल तशी उधळाल तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजाविले आहे. दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली तरी वैरणीच्या गंजीस आग लागेल, इथवर त्यात विचार आहे. ज्या राज्याचा कारभार उंदराच्या वातीपर्यंत पाहत होता, त्याची घोडदळे का चालली, हे निराळे सांगणे नको.

आता कोड्याच्या उत्तराकडे. ते चूक नाही, उलट शास्त्रशुद्ध आहे. भरपूर चंदी खाऊन एक-दोन दिवस ठाणावर बांधून ठेवलेला घोडा एकाएकी कामास जुंपला, तर त्याचे स्नायू आखडतात आणि तो खरोखरच अडतो. सुटीच्या दिवशी चंदी कमी करावी व घोडा थोडा फिरवावा, हा त्यावरचा साधा उपाय. माथेरानास 2022 च्या अखेरीस विजेच्या रिक्षा प्रायोगिक रीतीने सुरू झाल्या. ज्यांना चालवत नाही त्यांची त्यांनी सोय होते, हे चांगलेच. पण फिरणे थांबले तरी घोड्याचे पोट थांबत नाही, ही घोडेवाल्यांची चिंताही खरी आहे.

सुटीत मुलांस घोड्यावर बसविणाऱ्या आईबापांस आमचे एवढेच सांगणे. बसण्यापूर्वी घोडा चार पावले चालवून दाखविण्यास सांगावे. मान प्रत्येक पावलास खालीवर हिसकत असेल तर तो लंगडतो आहे. खोगिराखाली, तंगाखाली जखम नाही ना, ते पाहावे. स्वार व खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जड नसावे, असा ठोकळ नियम आहे. लहान चणीच्या तट्टावर आमच्यासारख्या स्थूल गृहस्थांनी पायीच जावे. ज्याचे घोडे निगा राखलेले दिसते, त्यासच भाडे द्यावे आणि घासाघीस करू नये. त्या पैशांतूनच नालबंद व वैरण भागते.

घरी आल्यावर आजीने सवयीने पुतणीस विचारले, "घोडा का अडला?" ती म्हणाली, "कुणी पाय पाहिला नाही म्हणून." आजीने काकांकडे पाहिले. काका म्हणाले, "बरोबर आहे तिचे." तेव्हापासून आमच्या घरी या कोड्यास दोन उत्तरे चालतात.