पालक हिरवागार, मी मात्र फिक्की!

कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं हिमोग्लोबिन ९.४ निघालं आणि मी चक्क डॉक्टरांशी वाद घातला. 'अहो, मी रोज पालक खाते!' त्यांनी शांतपणे विचारलं, 'कधी आणलेला?'

रविवारी, जाफर गेटच्या बाजारातून. आठवड्याची भाजी एकदमच. रात्री टीव्हीसमोर बसून निवडायची, बारीक चिरायची, चाळणीत धुवायची, डब्यांत भरायची. सकाळी वाळूजची बस पकडायची असते, तेव्हा कोण चिरत बसणार? आपण किती ऑर्गनाइज्ड, याचं मला भारी कौतुक!

गंमत अशी, की पालकातलं लोह कुठेही जात नाही. पळतं ते 'क' जीवनसत्त्व, आणि लोह अंगी लागायला नेमकी त्याचीच मदत होते. फ्रिजमध्येसुद्धा आठवडाभरात पालकातलं निम्म्याहून जास्त 'क' उडतं. बाहेर, आपल्या मे महिन्यातल्या चाळीस डिग्रीत तर विचारूच नका. चिरलं की हवा लागते, चिरून धुतलं की उरलंसुरलं पाण्यात. म्हणजे शुक्रवारी माझ्या डब्यात हिरवा रंग तेवढा शिल्लक!

आता पालेभाजी आठवड्यातून दोनदा, घरी येताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून. मुळं छाटायची, धुवायची नाही, सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. टोमॅटो आणि केळी लांब, कारण त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. आधी पालेभाज्या संपवायच्या. गाजर, कोबी दम धरतात, त्यांचा नंबर शेवटी. आणि फ्रोजन मटारला नाकं मुरडू नका. तोडल्यावर लगेच वाफवून गोठवलेला मटार चार दिवस पडलेल्या शेंगांपेक्षा कित्येकदा बरा.

आजीला हे सांगितलं तर ती हसली. तिच्याकडे फ्रिज नव्हताच. मेथी ओल्या फडक्यात माठाशेजारी, हरभऱ्याची भाजी वाळवायची तीही सावलीत. वाळवणात 'क' फारसं टिकत नाही, पण कडक ऊन टाळलं तर कॅरोटीन बरंच वाचतं. (शेतमाल वाळवायचे सोलर ड्रायर बनवणाऱ्या 'एस फॉर एस टेक्नॉलॉजीज'ला २०२३ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला. आजीला कोण देणार?)

परवाचा रिपोर्ट १०.८. डॉक्टरांच्या गोळ्यांमुळे की लिंबू पिळलेल्या ताज्या पालकामुळे, मला विचारू नका. गोळ्या अजून चालू आहेत.