चेहऱ्याचे व्यायाम : लाभ किती, अपेक्षा किती?

वय वाढते तसा चेहरा बदलतो. गाल बसतात, त्वचा सैल पडते, कपाळावर रेषा उमटतात. यात लाजण्यासारखे काही नाही. तरीही चेहरा टवटवीत दिसावा ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तिच्यावरच महागड्या क्रीमचा बाजार उभा आहे. म्हणून आम्ही येथे बिनखर्चाच्या व्यायामांची माहिती देत आहोत.

उतारवयात गालातील चरबी घटते, हाडेही झिजतात आणि त्वचा ओघळते. व्यायामाने गालाचे स्नायू पुष्ट झाल्यास ही पोकळी काही अंशी भरते, असा यामागचा विचार आहे. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील डॉ. मुराद आलम व सहकाऱ्यांनी याची पाहणी करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४० ते ६५ वयाच्या २७ महिलांना ३२ व्यायाम शिकविले. पहिले ८ आठवडे रोज अर्धा तास, पुढे २० व्या आठवड्यापर्यंत दिवसाआड. शेवटपर्यंत १६ जणीच टिकल्या. त्यांचे गाल भरलेले दिसले. छायाचित्रांवरून तज्ज्ञांनी अंदाजलेले सरासरी वय ५०.८ वरून ४८.१ वर आले. मात्र तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट नव्हता. त्यामुळे लाभ संभवतो, पण तो माफक, एवढेच म्हणता येते.

एक सोपा प्रकार असा : तोंड उघडून ओठांचा 'ओ' करावा, वरचा ओठ दातांवर घ्यावा व गाल उचलले जातील असे हसावे. बोटे गालांवर हलकेच ठेवून गाल खाली-वर करावेत. कपाळाला आठ्या घालू नयेत. वारंवारच्या आठ्यांनी तेथील रेषा खोल होतात.

उन्हाचे नुकसान मात्र व्यायामाने भरून निघत नाही. २८ वर्षे ट्रक चालविलेल्या एका ६९ वर्षांच्या अमेरिकन चालकाचे छायाचित्र २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात आले होते. खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, उजवी त्या मानाने तरुण! शेतात वा रस्त्यावर राबणाऱ्या बंधू-भगिनींनी डोक्यावर पदर, रुमाल किंवा टोपी अवश्य घ्यावी. विडी-सिगारेटही त्वचा अकाली सुरकुतवते.

शेवटी महत्त्वाचे. चेहऱ्याची एक बाजू अचानक लोंबली, बोलणे अडखळले किंवा हात उचलेनासा झाला, तर ते म्हातारपण नव्हे, पक्षाघात असू शकतो. अशा वेळी व्यायाम वा मालीश करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. घरातील वडीलधाऱ्यांना ही खूण प्रत्येकाने समजावून सांगावी, अशी आमची विनंती आहे.