आठ टप्पे पाठ आहेत, पुढे काय?

मानसोपचाराच्या एम.डी.चा विद्यार्थी मनोविश्लेषक एरिक एरिक्सनने सांगितलेले आयुष्याचे आठ टप्पे तोंडी परीक्षेत घडाघडा सांगतो. ओपीडीत रुग्ण समोर बसला की त्याच टप्प्यांबद्दलचे गैरसमज आड येतात.

गैरसमज : एक टप्पा पार पडल्याशिवाय पुढचा येत नाही.

या इयत्ता नव्हेत. १९५० च्या 'चाइल्डहुड अँड सोसायटी'त एरिक्सनने प्रत्येक टप्प्यात एक ओढाताण मांडली : विश्वास-अविश्वास, जवळीक-एकटेपणा. वय माणसाला पुढे नेतंच. राहिलेलं सोबत येतं आणि पुढे कधीतरी सुटूही शकतं. थोडा अविश्वासही हवाच, नाहीतर मूल कुणाच्याही मागे जाईल. टप्प्यांना यशाची मोजपट्टी समजू नका, असं खुद्द एरिक्सनने बजावलं होतं.

गैरसमज : टप्पा ओळखला की दुखणं कळलं.

सगळ्यात घातक हाच. समजा, साठीचे गृहस्थ आहेत, नुकतेच निवृत्त झालेले. पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, वजन उतरलंय. मुलगा म्हणतो, "डॉक्टर, रिटायरमेंटनंतर बाबांचं असं होणारच ना?" शिकाऊ डॉक्टरही मान डोलावतो. पण ही नैराश्याच्या आजाराची लक्षणं असू शकतात, आणि तो आजार म्हातारपणाचा भाग नाही. थायरॉइड तपासायला हवं, मरणाचे विचार येतात का हे थेट विचारायला हवं, औषधाचा निर्णय घ्यायला हवा.

हे करतानाच एरिक्सनचा आठवा टप्पा, म्हातारपणातली कृतार्थता-निराशा ही ओढाताण, कामाला येतो. "मागे वळून पाहताना काय राहून गेलं असं वाटतं?" हा प्रश्न त्यामुळेच सुचतो. उतारवयात माणूस जुनं उगाळत बसतो, त्याला भ्रमिष्टपणा समजू नये. ती आयुष्याची स्वाभाविक उजळणी आहे, असं मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलं. अशा रुग्णाला अर्धा तास द्यावा. गर्दीच्या ओपीडीत ते अवघड आहे, तरीही द्यावा.

गैरसमज : आजच्या मानसोपचारात वयाच्या टप्प्यांना जागा नाही.

जागा आहे. मानसिक आजारांचं वर्गीकरण करणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या ग्रंथातली प्रकरणंच ढोबळमानाने आयुष्याच्या क्रमाने लावली आहेत. सुरुवात बालपणीच्या विकासविकारांपासून होते, स्मृतिभ्रंशासारखे आजार शेवटाकडे येतात.

गैरसमज : टप्पे जगभर सारखेच.

प्रौढ आयुष्याच्या टप्प्यांवरचं डॅनियल लेव्हिन्सनचं १९७८ चं गाजलेलं पुस्तक चाळीस अमेरिकन पुरुषांच्या मुलाखतींवर उभं आहे. त्या मापाने इथल्या पंचविशीच्या मुलीला मोजलं, तर लग्नाचा निर्णय आईवडिलांना विचारून घेणं हीच तिची उणीव ठरेल. 'स्वतः निर्णय घेत नाही' असं केसपेपरवर लिहिण्याआधी तिच्या घरात निर्णय कसे होतात, आणि मनाविरुद्ध झाले तर ती बोलू शकते का, हे रेसिडेंटने तिलाच विचारावं. आईला बाहेर बसवून.