कांद्याच्या मुळांतील जंतु आणि द्राक्षवेल

उत्तर फ्रान्समध्यें शांपेन नांवाचा प्रांत आहे. तेथील खडूच्या जमिनीवर होणाऱ्या द्राक्षांचें फेसाळ मद्य त्याच नांवानें जगभर विकलें जातें. या प्रांतांतील बागाइतदाराला हंगामाचे शेवटचे दिवस फार जड जातात. द्राक्षें भरत आलेलीं असतात. घडांतील मणी एकमेकांस इतके खेटून बसलेले असतात कीं, त्यांच्या सांदींत शिरलेलें पाणी लवकर वाळत नाहीं. आणि अशा ऐन वेळीं चार दिवस पावसाची झड लागली म्हणजे घडाच्या पोटांतून राखेच्या रंगाची लव उगवूं लागते. एक मणी सडला कीं शेजारचा सडतो, आणि वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत मातींत जाते. वनस्पतिशास्त्रांत या बुरशीस बोट्रायटिस सिनेरिया असें म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखालीं तिचे बीजकण द्राक्षांच्या घडासारखे दिसतात, म्हणून पहिला शब्द. रंग राखी, म्हणून दुसरा. मौज अशी कीं, त्याच फ्रान्समध्यें बोर्दो शहराजवळ सोतेर्न म्हणून गांव आहे, तेथें सकाळीं धुकें व दुपारीं ऊन अशी हवा पडली कीं हीच बुरशी मण्यांतील पाणी कमी करून साखर दाट करते, आणि त्यापासून केलेल्या गोड मद्याला मोठी किंमत येते. तेथें लोक तिची वाट पाहतात! शांपेनमध्यें मात्र तिचें नांव काढलें तरी बागाइतदाराच्या कपाळाला आठ्या पडतात.

औषध मारून बुरशी हटवावी ही रीति फ्रान्समध्येंच नांवारूपास आली. इ. स. १८७८ च्या सुमारास अमेरिकेंतून आलेल्या वेलींबरोबर केवडा रोग फ्रान्समध्यें शिरला आणि त्यानें बागा उजाड केल्या. मेदोक भागांतील कांहीं बागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचें पाणी शिंपडीत असत. हेतु एवढाच कीं, निळसर डाग पाहून येणाऱ्याजाणाऱ्यानें द्राक्षें चोरूं नयेत. त्या वेलींचीं पानें शाबूत राहिलेलीं मिलार्दे या प्राध्यापकाच्या नजरेस आलीं, आणि त्यानें प्रयोग करून १८८५ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. नाशिक-सांगलीकडील बागाइतदार ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतात तें हेंच. चोरांसाठीं केलेली युक्ति रोगावर लागू पडली, हें शास्त्राच्या इतिहासांत वरचेवर घडतें. पण पाहणाराचा डोळा मिलार्देसारखा असावा लागतो.

या औषधाची एक खोड आहे. तांबें कुजत नाहीं, विरत नाहीं. पावसानें पानांवरून धुतलें कीं मातींत जाऊन बसतें आणि वर्षानुवर्षें सांचत राहतें. फार सांचलें म्हणजे गांडुळांना व जमिनींतील इतर जीवांना तें बाधतें. म्हणून युरोपीय संघानें २०१९ सालापासून असा निर्बंध घातला कीं, सात वर्षांत मिळून दर हेक्टरी, म्हणजे अदमासें अडीच एकरांस, २८ किलोपेक्षां अधिक तांबें वापरूं नये. शिवाय राखी बुरशीवर तांब्याचा फारसा उपयोग होत नाहीं. तिच्यासाठीं निराळीं रासायनिक औषधें निघालीं. परंतु १९७० नंतरच्या दशकांत बेन्झिमिडाझोल वर्गाच्या औषधांना ती थोड्याच वर्षांत पचवूं लागली. औषध नवें, कीं बुरशीची नवी पिढी त्याला सरावलेली, असा हा पाठलाग आहे.

तेव्हां शत्रूला मारण्याऐवजीं वेलीलाच खंबीर करतां येईल काय, हा विचार पुढें आला. मुळांभोवतीची माती म्हणजे सूक्ष्मजंतूंची एक गजबजलेली पेठच असते, हें जर्मन शास्त्रज्ञ हिल्टनर यानें १९०४ सालींच दाखवून मातीच्या त्या थराला निराळें नांव दिलें होतें. वेल मुळांवाटे साखर व इतर पदार्थ बाहेर सोडते, आणि त्यांच्या लोभानें जंतु तेथें जमतात. कांहीं उपद्रवी, बरेचसे निरुपद्रवी, आणि थोडे उपकारक. १९९१ सालीं हॉलंडमधील संशोधकांनीं कार्नेशन नांवाच्या फुलझाडावर एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. उपकारक जंतु त्यांनीं मुळांशीं घातले आणि रोगाची बुरशी खोडांत घातली. दोघांची गांठ पडण्याचा संभव ठेवला नाहीं. तरीहि रोग कमी झाला. म्हणजे जंतूनें बुरशीला मारलें नव्हतें. त्यानें झाडाला कांहीं तरी कळविलें होतें आणि पुढचें काम झाडानें स्वतः केलें होतें. याच वर्षीं अमेरिकेंत काकडीच्या रोपांवरहि तशाच प्रकारचा अनुभव आला.

ज्या जंतूची येथें मुख्यतः हकीकत सांगावयाची तो मात्र द्राक्षाच्या बागेंतला नव्हे. तो कांद्याच्या मुळांत सांपडला. कॅनडांतील येर्झी नोव्हाक व त्यांचे सहकारी यांनीं कांद्याचीं मुळें बाहेरून निर्जंतुक केलीं, तरी आंतून एक जंतु वाढून आला. अर्थात् तो मुळाच्या पृष्ठावर नव्हे, पोटांत राहणारा होता. त्याला 'पीएसजेएन' अशी खूण मिळाली. बटाट्याच्या कोंवळ्या रोपांस तो दिला तेव्हां त्यांची वाढ जोमदार झाली, असें या मंडळींनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें शांपेनमधील रीम्स विद्यापीठांत एस्सैद ऐत बारका या वनस्पतिशास्त्रज्ञानें तो द्राक्षवेलीवर लावून पाहिला. कांचेच्या नळ्यांत, निर्जंतुक पोषकद्रव्यावर, शार्डोने जातीचीं इवलींशीं रोपें वाढवून त्यांच्या मुळांस हा जंतु दिला. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असें दिसलें कीं, जंतुयुक्त रोपें लवकर वाढलीं, त्यांना मुळें अधिक फुटलीं, आणि राखी बुरशीपुढें तीं इतर रोपांपेक्षां अधिक टिकलीं. २००६ सालीं आणखी एक गोष्ट नजरेस आली: ४ अंश सेंटिग्रेड इतक्या थंडींतहि हीं रोपें कमी कोमेजलीं. रीम्सच्या हिंवाळ्यांत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचावा हें स्वाभाविकच आहे.

परंतु कांद्यांतला जंतु द्राक्षवेलींत जातो कोठें, राहतो कोठें? डोळ्यांनीं न दिसणाऱ्या प्राण्याचा माग काढणें म्हणजे अंधारांत पाहुण्याचीं पावलें मोजण्यासारखें. यासाठीं समुद्रांतील एका जेलीमाशाची मदत झाली. त्या माशाच्या शरीरांत एक प्रथिन असतें, तें विशिष्ट प्रकाशांत हिरवें चमकतें. त्या प्रथिनाचा बीजगुण या जंतूंत घालतां येतो. मग जंतु जेथें जाईल तेथें हिरवा ठिपका दिसतो. रीम्सच्या संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे ठिपके प्रथम मुळांच्या पृष्ठावर दिसले, नंतर मुळाच्या आंत, आणि शेवटीं पांचव्या पेऱ्यांत व पांचव्या पानांत. जंतु पेशींच्या भिंती किंचित् मऊ करणारीं पाचकद्रव्यें सोडून आंत शिरतो, आणि ज्या नळ्यांतून पाणी वर चढतें त्याच नळ्यांतून पाण्याबरोबर वर जातो. पुढें २००८ सालीं फुलोऱ्यापर्यंतहि तो पोंचलेला आढळला.

येथें विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, वेल त्याला निमूटपणें आंत घेत नाहीं. मुळाच्या कांहीं थरांत पेशींच्या भिंती जरा जाड होतात, संरक्षक द्रव्यें जमूं लागतात. पण प्रतिकार सौम्य असतो. घरीं नवखा माणूस आला तर कुत्रा भुंकतो, चावत नाहीं. तसेंच कांहीं तरी. आणि या भुंकण्यानेंच घर जागें होतें. मागाहून राखी बुरशी पानावर पडली म्हणजे जंतुयुक्त वेल अधिक लवकर व अधिक जोरानें प्रतिकार करते. जखमेच्या जागीं कॅलोज नांवाच्या पदार्थाचा लिंपा बसतो. हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होतें. संरक्षक प्रथिनें तयार करणारे बीजगुण तांतडीनें कामाला लागतात. २०१६ सालीं रीम्सहून प्रसिद्ध झालेल्या निबंधांत याशिवाय असेंहि दिसून आलें कीं, हा जंतु बुरशीच्या तंतूंभोवतीं आपली चिकट साय पसरतो आणि तिची वाढ थेटहि रोखतो. सारांश, हॉलंडच्या प्रयोगांत जी कामें वेगळीं करून दाखविलीं होतीं, तीं येथें एकाच जंतूकडून दोन्ही होतात.

याला कोणी वेलीची लस म्हणतात. उपमा सोयीची आहे, पण ती पूर्णपणें लागू पडत नाहीं. लस टोंचल्यानें माणसाच्या रक्तांत एका ठराविक रोगाची ओळख राहते. वेलीला रक्त नाहीं. तिची सावधता एका रोगापुरती नसते. आणि ही सावधता आगाऊ लावून ठेवावी लागते. घड एकदां सडूं लागल्यावर मुळांशीं जंतु ओतण्यांत अर्थ नाहीं. वेल आपलीं हत्यारें बारमाही परजून कां ठेवीत नाहीं, असें कोणी विचारील. उत्तर जमाखर्चाचें आहे. प्रत्येक संरक्षक पदार्थाला साखर लागते, आणि ती पानें, मुळें व फळें यांच्या वांट्यांतून जाते. उपकारक जंतु वेलीला लढावयास लावीत नाहीं, तयार ठेवतो. खर्च शत्रु आल्यावरच होतो.

मग हा जंतु सरसकट बागांत कां सोडूं नये? एक कारण त्याच्या कुळाचें. सुरुवातीस तो स्यूडोमोनास समजला गेला. २००५ सालीं त्याचें नांव बुरखोल्डेरिया फायटोफर्मान्स असें ठरलें. याच बुरखोल्डेरिया कुळांत मेलिऑयडोसिस हा प्राणघातक रोग करणारा जंतु आहे, आणि दुबळ्या फुप्फुसांच्या रोग्यांना पीडा देणारेहि जंतु आहेत. २०१४ सालीं शास्त्रज्ञांनीं वनस्पतींत व मातींत राहणाऱ्या बहुतेक जातींना पॅराबुरखोल्डेरिया या वेगळ्या कुळांत काढलें, आणि आपला कांद्याचा जंतु त्यांत गेला. तरीहि खाण्याच्या फळापर्यंत चढणारा जंतु बागेंत सोडतांना राज्यकर्त्यांनीं कसून पुरावा मागावा, यांत गैर कांहीं नाहीं.

दुसरें कारण खुद्द बागेंतलें. कांचेच्या नळींत वेलीला एकच सोबती असतो. बागेंत मूठभर मातींत कोट्यवधि जंतु असतात आणि नवख्याला तेथें जागा मिळवावी लागते. म्हणून रीम्स विद्यापीठांतील दुसऱ्या संशोधकांनीं शांपेनच्या निरोगी वेलींवरचे व त्यांच्या मुळांशीं असलेले गांवठी जंतुच वेंचून काढले. स्यूडोमोनास, बॅसिलस, पँटोइया, असिनेटोबॅक्टर अशा निरनिराळ्या कुळांतले हे जंतु. २००२ पासून २००५ पर्यंत लागोपाठ चार वर्षें त्यांनीं ते खऱ्या बागेंत लावून पाहिले. रोग कमी झाला. पानांत व मण्यांत बुरशीच्या भिंती फोडणारीं पाचकद्रव्येंहि वाढलेलीं आढळलीं. परंतु सर्व जंतूंचें यश सारखें नव्हतें. पानें राखण्यांत सरस ठरलेला प्रत्येक जंतु मणी राखण्यांत तितकाच सरस ठरला असें झालें नाहीं, आणि जो लाभ एका हंगामांत झाला तो दुसऱ्यांत तितकाच राहिला नाहीं. ज्याला पानांसाठीं जंतु हवा आणि ज्याला घडांसाठीं हवा, त्या दोघां बागाइतदारांस एकच बाटली देऊन भागणार नाहीं, एवढें त्या चार हंगामांनीं दाखविलें.