जुन्या गाडीची झडप अडकली तर...

दहा-बारा वर्षे वापरलेली डिझेल गाडी घरातले एक माणूसच होऊन बसते. तिच्या बारीकसारीक तक्रारी घरात सर्वांना पाठ असतात. पण एखाद्या दिवशी ती सिग्नलपाशी उभी असताना थरथरू लागते, उड्डाणपुलाचा चढ चढताना धापा टाकते, मागून काळा धूर सोडते आणि समोरच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, तेव्हा घरातली मंडळी गोंधळून जातात. कोणी म्हणते डिझेलमध्ये भेसळ आहे, कोणी म्हणते इंजिनच गेले. पुष्कळदा दोष असतो मुठीएवढ्या एका झडपेत. मेकॅनिक तिला ‘ईजीआर व्हॉल्व्ह’ म्हणतात.

दिल्लीत यमुनेपलीकडे असलेल्या मयूर विहारसारख्या वसाहतीत या तक्रारीला पोषक असेच वातावरण आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये येथे मेट्रो आली. कचेरीला जाण्यासाठी मेट्रो सोयीची झाली, तशी अनेक घरांतली गाडी जवळपासच्या कामापुरती उरली. मुलांना शाळेत सोडणे, भाजी आणणे, स्टेशनपर्यंत जाऊन येणे. इंजिन धड तापायच्या आत गाडी पुन्हा सोसायटीच्या आवारात उभी राहते. थंड इंजिनात काजळी अधिक धरते आणि तीच काजळी तेलकट वाफेत मिसळून झडपेवर डांबरासारखी बसते.

झडपेचे काम काय?

इंजिनात डिझेल जळते तेव्हा आतले तापमान अतिशय वाढते. ते सुमारे १,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की हवेतला एरवी निरुपद्रवी असणारा नायट्रोजन प्राणवायूशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे तयार होतात. ते टाळण्यासाठी सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूचा थोडा भाग या झडपेतून पुन्हा इंजिनात सोडतात. पेटत्या शेगडीवर मूठभर राख पसरली की निखारा विझत नाही, पण आच मंदावते. तसाच हा प्रकार आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात मोटारींना ही झडप बसू लागली. भारतात धुराचे नियम कडक होत गेले, तशी ती येथील डिझेल गाड्यांतही आली.

झडप उघडी अडकली तर जळका वायू नको तेव्हाही आत शिरतो, स्वच्छ हवा कमी पडते आणि थरथर, काळा धूर, मंद पिकअप ही लक्षणे दिसतात. ती बंद अडकली तर मात्र गाडी छान पळते, कधी कधी पूर्वीपेक्षाही बरी. फक्त पिवळा दिवा लागतो. धोका आहे तो याच दुसऱ्या अवस्थेत, कारण त्रास गाडीला होत नाही, रस्त्यावरच्या माणसाला होतो.

आधी तपासणी, मग खरेदी

दिवा लागला म्हणून लगेच नवी झडप विकत घेऊ नये. मेकॅनिकला गाडीला स्कॅनर लावायला सांगावे. ‘पी ०४०१’ हा संकेत आला तर झडपेतून वायू कमी जातो आहे आणि ‘पी ०४०२’ आला तर जास्त जातो आहे, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. पण संकेत हा आजाराच्या लक्षणासारखा असतो, निदान पुढेच करायचे असते. झडपेला जाणारी रबरी नळी फाटली आहे का, वायरचा जोड सैल किंवा गंजलेला आहे का, वायूचा मार्गच काजळीने बुजला आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

नुसती काजळी असेल आणि झडपेचा दांडा सहज हलत असेल, तर साफसफाईने काम भागते. त्यासाठी कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा मिळतो. झडप विजेवर चालणारी असेल तर मोटरीचा भाग त्या द्रवात बुडवू नये. दांडा वाकला असेल, झडप नीट मिटत नसेल किंवा आतली मोटर निकामी असेल, तर मात्र ती बदलावीच लागते.

दिल्लीत सुट्या भागांसाठी कश्मीरी गेटचा बाजार जुना आणि प्रसिद्ध आहे. तेथे जाताना गाडीचे नाव सांगून भागत नाही. जुन्या झडपेवर कोरलेला क्रमांक लिहून न्यावा, कारण एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलमध्येही झडप वेगळी असू शकते. पक्के बिल घ्यावे. भंगारात निघालेल्या गाडीची झडप स्वस्त मिळते, पण तिच्यातही तशीच काजळी असण्याचा संभव असतो.

झडप बदलताना

हे काम जाणकाराकडून करून घेणे उत्तम. तरीही ते कसे होते हे मालकाला ठाऊक असावे. इंजिन पूर्ण थंड हवे. आधी बॅटरीची ऋण बाजूची तार काढतात, मग झडपेचा वायरचा जोड किंवा रबरी नळी. काही गाड्यांत झडपेशेजारून कूलंटची नळी जाते, तेव्हा खाली भांडे ठेवावे लागते. जुन्या गाडीत बोल्ट गंजून धरलेले असतात. त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून वाट पाहावी. जोर केला आणि बोल्ट तुटला, तर तासाभराचे काम दिवसाचे होते.

जुनी झडप निघाली की बसायच्या जागेवरची काजळी आणि जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडून काढतात. हे तुकडे इंजिनात पडता कामा नयेत. नवी झडप नव्या गॅस्केटसहच बसवावी आणि बोल्ट सारख्या दाबाने आवळावेत. विजेवरच्या झडपेची ओळख अनेक गाड्यांत स्कॅनरने संगणकाला करून द्यावी लागते. शेवटी जुना संकेत पुसून गाडी चालवून पाहावी.

बुजवण्याचा मोह

या खटाटोपाला कंटाळलेल्या मालकाला एक सोपा उपाय हमखास सुचवला जातो. पत्र्याची चकती घालून वायूचा मार्गच बंद करायचा. खर्च नाममात्र आणि धूरही कमी. पीयूसी तपासणीतही गाडी सहज पास होते, कारण तेथे डिझेल गाडीच्या धुराची दाटी मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत.

पण न दिसणारा हा वायू नाहीसा होत नाही. श्वासनलिकेला तो थेट त्रास देतो, दम्याच्या रुग्णाला विशेष. उन्हात त्यापासून जमिनीलगत ओझोन बनतो आणि हवेतल्या इतर वायूंशी मिळून सूक्ष्म कणही बनतात. हिवाळ्यात दिल्लीचा श्वास कोंडतो त्याला हे कणही जबाबदार असतात. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणाच्या मुळाशीही हाच वायू होता. तपासणीत कमी आणि रस्त्यावर जास्त वायू सोडणारी संगणक आज्ञावली त्या गाड्यांत होती. पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने भारतातील गाड्या तपासल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने येथील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. एवढ्या गाजलेल्या प्रकरणात जे घडले, तेच चकती घातलेली गाडी आपल्या गल्लीत करते.

खर्च करण्यापूर्वी

गाडीचे वयही पाहावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नये असे सांगितले, पण डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. शिवाय हिवाळ्यात हवा फार बिघडली की बीएस-४ डिझेल गाड्याही काही दिवस रस्त्यावर आणता येत नाहीत. म्हणून नवी झडप घेण्याआधी नोंदणीपत्र काढून गाडी कोणत्या श्रेणीची आहे ते पाहावे.

गाडी ठेवायचीच असेल, तर झडप पुन्हा लवकर अडकू नये म्हणून आठवड्यातून एकदा तिला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावे. मयूर विहारकरांना दिल्ली-मेरठ किंवा नोएडाचा द्रुतगती मार्ग जवळच आहे. जवळच्या भाजीबाजाराला मात्र पायी जावे. त्यात गाडीचेही भले आहे आणि चालणाऱ्याचेही.